पाणी न घेण्याचा नेम

पुंडलिक महाराजांनी आमच्या रोहण्यात सप्ताह केला तेव्हा मी शाळेत होते. ज्या गावात कीर्तन, त्या गावात पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, हा त्यांचा नेम. कीर्तन संपलं की ते घामाघूम, कोरड्या ओठांनी जीपमध्ये बसत. गाव त्या कोरड्या ओठांवर भाळलं. जिथे मांडव होता तीच जमीन माझ्या आजोबांनी त्यांना कॉलेजसाठी देऊन टाकली. पुढे कॉलेजचं विद्यापीठ झालं, महाराज कुलपती झाले आणि त्यांचा टाळकरी कुलसचिव.

२००६ साली मी तिथेच सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होते, कंत्राटावर. पावसाळ्यात मुलींच्या वसतिगृहात कावीळ पसरली. काविळीचा विषाणू तपासायची सोय आमच्याकडे नव्हती. पण टाकीच्या पाण्यात मैल्यातले जिवाणू सापडले. तेवढं पुरेसं होतं. टाकी बंद करा, असं मी कुलसचिवांना सांगितलं.

"मूल्यांकन समिती येऊन राह्यली, मॅडम," ते म्हणाले. "आता टाकी बंद केली त बोभाटा होईन."

मुली रिकामे ग्लास घेऊन मेससमोर बसल्या. तेव्हा कुलपती स्वतः आले. माईक हातात आला आणि सवयीने डोळे मिटले. "रोग देहाले होते, श्रद्धेले नाई. हे पाणी नोहे पोरीहो, तीर्थ आहे." मागच्या मुली ठेक्यात टाळ्या वाजवू लागल्या. संध्याकाळपर्यंत या पुन्हा तेच पाणी पिणार होत्या.

मी टाकीच्या नळाचा ग्लास भरून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांना पिऊ दिलं नसतं. निदान मी तसं स्वतःला सांगते.

ते हसले. "प्रेरणा, तू त रोहण्याची. माहा नेम तुले मालूम आहे. कीर्तन केलं तिथं मी पाणी घेत नाई."

"मंग आमाले काऊन पाजता?" पुढे बसलेली आचल म्हणाली. ती कालच दवाखान्यातून आली होती, डोळे अजून पिवळे. "अन् या जमिनीवर त तुमी मागंच कीर्तन केलतं. अख्खं विद्यापीठ खाल्लं, तवा नेम कुठी गेलता?"

कोणीतरी फिसकन हसलं. मग सगळ्याच.

"खाली बस!"

"बसलीच आहो, महाराज. उभं राहाची ताकद कुठी आहे?"

आचलने आपला ग्लास फरशीवर पालथा घातला. शेजारणीने घातला. टाळ्या वाजवणाऱ्यांनीही घातले. कुलसचिव मोबाइल कानाला लावून टँकरवाल्याला विनवू लागले.

कुलपती उठले. मला म्हणाले, "पुढच्या जूनपासून येजो नको." आणि गाडीत बसले. गाडी फाटकाच्या आतच होती. काच वर जाता जाता मला दिसलं, त्यांनी सीलबंद बाटली उघडली आणि घटाघट प्यायले.