शेवटचा रकाना

कौशिकने आणलेल्या चार पानांची अभिजितने आधी एक घडी घातली, मग दुसरी, आणि त्या चौघडीवर करक चहाचा कप ठेवला. टीपॉय काचेचा होता, डाग पडला असता.

"तर मंडळी, शुक्रवारी पहाटे पाचला खाली पार्किंगमध्ये," तो म्हणाला. "दुखानच्या रस्त्याने तास-सव्वा तास. साडेसहाला घळीपाशी. दोन वाजता परत राखीव क्षेत्राच्या फाटकावर. संपला विषय."

सोफ्यावर पियूष आणि भैरवी बसले होते. नवरा आयटीत, बायको फायनान्समध्ये, दोघंही दोन वर्षांच्या करारावर आखातात आलेले आणि अल अझीझियातल्या या फ्लॅटमध्ये अभिजित म्हणेल त्याला मान डोलवणारे. दाराजवळच्या खुर्चीवर कौशिक होता. मीटर वाचायला आलेल्या माणसासारखा तो खुर्चीच्या कडेवर टेकला होता.

"सर, ती पानं वाचून झाली असती म्हंजे…"

"वाचली."

वाचली नव्हती. वाचायची गरजही नव्हती, कारण कौशिक काय लिहिणार हे अभिजितला तोंडपाठ होतं. दोघं एकाच साइटवर. अभिजित प्लॅनिंग इंजिनिअर, म्हणजे कामाच्या तारखा ठरवणारा. कौशिक सेफ्टी ऑफिसर, म्हणजे त्या तारखा मोडणारा. गेल्या वर्षी एका परांचीला तपासणीची चिठ्ठी लावलेली नाही, एवढ्यावरून या लातूरच्या पोराने दोन दिवस काम बंद ठेवलं होतं. दोन दिवस! तेव्हापासून अभिजितच्या लेखी तो माणूस नव्हताच. गळ्यात शिट्टी अडकवलेलं हिरवं हेल्मेट होतं, आणि ते दुर्दैवाने त्याच्याच बिल्डिंगमध्ये एक मजला खाली राहायचं.

"तोंडानं सांगतो मग," कौशिक म्हणाला. "घळीचं खालचं तोंड त्यांनी बंद केलंय, पक्ष्यांच्या घरट्यांमुळं. वरूनच उतरायचं आणि वरूनच यायचं. वरची कड चुनखडीची हाय, आतून पोकळ. कडंला उभं राहून फोटो काढायचा नाही. गेल्या आठवड्यात पाऊस झालाय, सबखा ओली असणार."

"सबखा म्हणजे ती मिठाची दलदल ना?" भैरवीने विचारलं.

"व्हय. वरून कडक दिसती आणि चाक आत जातं. दगडाखाली हात घालायचा नाही, फुरसं असतंय. आणि दहानंतर घळीत वारा पडतो. साडेदहाला सगळे फाटकावर पायजेत. दोन लई झालं."

अभिजित हसला. हसायचीही त्याची एक रीत होती. आधी पियूषकडे बघायचं, तो हसला की मग आपण.

"कौशिक, मी सह्याद्रीत अठरा वर्षं घासली आहेत. हरिश्चंद्रगडाला नळीच्या वाटेने चढलोय, तेही पाठीवर दोर घेऊन. या अख्ख्या देशातलं सगळ्यात उंच टेकाड शंभर मीटरचं. त्यात ही घळ, तीन मजले खोल! आमच्या पुण्याच्या सोसायटीचा जिना याहून मोठा आहे. याला परवाना लागतो, फॉर्म लागतो, आणि वर आता तुझी चार पानं."

"फॉर्मात शेवटचा रकाना राहिलाय, सर. घरी थांबणारा माणूस."

हा त्या राखीव क्षेत्राचा नियम होता. जाणाऱ्यांची नावं, गाडीचा नंबर, परतीची वेळ, आणि सगळ्यात खाली गटात नसलेल्या एका माणसाचं नाव आणि त्याचा इथला मोबाईल. आत नेटवर्क नाही, म्हणून ठरल्या वेळी गट परतला नाही तर त्या माणसाने ऑफिसला फोन करायचा. बुधवारी दुपारी बारापर्यंत फॉर्म पुरा झाला नाही तर परवाना नाही, आणि पुढच्या आठवड्यापासून घळ थेट ऑक्टोबरपर्यंत बंद.

"घरी थांबणारा माणूस!" अभिजितने मांडीवर थाप मारली. "डिसेंबरचं आठवतंय ना? गाडीचं चाक रुतलं, आम्ही आपले मजेत काढतोय, आणि समोरून यांची जीप हजर. का? तर मॅडमनी फोन केला. किती वेळ वाट बघून? वीस मिनिटं! माझ्या बायकोला वीस मिनिटं धीर धरवला नाही."

ही गोष्ट त्याने संक्रांतीच्या कार्यक्रमातसुद्धा सांगितली होती, मधुरा शेजारी तिळगुळाचा डबा घेऊन उभी असताना. दर वेळी हशा व्हायचा. या वेळी पियूष तेवढा हसला. भैरवी कपात बघत राहिली.

"मधुरा कधी येतेय?" तिने विचारलं.

"आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. वेळ लागतो."

"अजून?"

"दोन्ही गुडघे आहेत." मग तो कौशिककडे वळला. "तू असं कर, तू येऊच नकोस. तू आलास तर घळीत पाऊल टाकायच्या आधी आम्हाला सह्या कराव्या लागतील."

"बरं," कौशिक म्हणाला आणि उठला. "पानं ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं."

दाराशी वाकून त्याने बुटांच्या नाड्या बांधल्या. एका मजल्यासाठी, दोन्ही बुटांना दुहेरी गाठ. अभिजितला त्या गाठींचीसुद्धा कीव आली.

बुधवारी सकाळी दहाला साइटवर फोन आला. राखीव क्षेत्राच्या ऑफिसातला नसरुद्दीन होता. हैदराबादचा कारकून, आवाज मऊ, पण नियमाच्या बाहेर एक इंच न सरकणारा.

"अभिजित साहब, आख़िरी ख़ाना ख़ाली है. पिछली बार मॅडम का नाम था, मधुरा. वही डाल दूँ?"

"वो इंडिया में हैं."

"अच्छा. वापसी कब है?"

"इन्शाल्ला," अभिजित म्हणाला.

एरवी या शब्दाचा त्याला राग यायचा. साइटवर ज्या कामाची तारीख कुणालाच ठाऊक नसते, त्या कामाचं हे उत्तर असतं.

"बारह बजे तक नाम भेज दीजिए. उसके बाद ख़लास."

मधुरा नऊ फेब्रुवारीला गेली होती. गुडघ्याचं ऑपरेशन वगैरे काही नव्हतं. तिचा इथला नंबर बंद झाला होता आणि पुण्याच्या नंबरावर एक बाई शुद्ध मराठीत सांगायची, की हा क्रमांक अस्तित्वात नाही. घरच्या फोनवर सासूबाई यायच्या. "ती बाहेर गेलीय," असं म्हणायच्या, अगदी ठणठणीत गुडघ्यांच्या आवाजात.

अभिजितने मोबाईलमधली नावं चाळायला घेतली. चारशेच्या वर होती. माणसं जोडण्यात आपला हात कुणी धरणार नाही, असं तो नेहमी सांगायचा. साहेबाला विचारावं, तर बायको कुठे आहे हे साहेब आधी विचारेल. समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंना विचारावं, तर त्या संध्याकाळपर्यंत सगळ्या बिल्डिंगला विचारतील. जे खरे जवळचे होते, ते त्याच्याबरोबर घळीत येत होते. उरले ते त्याच्या विनोदांना हसणारे. शेवटी त्याने इथल्या मराठी मंडळातल्या हरिदासला फोन लावला.

"अरे, लिही की माझं नाव!" हरिदास म्हणाला. "विचारतंय कोण? शुक्रवारी माझी मॅच आहे, फोन बॅगेत असतो, सायलेंटवर. पण तू लिही बिनधास्त. यल्ला, ठेवतो."

हेच तर हवं होतं. हरिदासच्या जागी अभिजित असता तर त्यानेही शब्दन् शब्द हेच सांगितलं असतं. त्याने रकान्यात नाव टाइप केलं, नंबर टाइप केला, आणि बोट पाठवायच्या बटणावर तसंच अधांतरी ठेवून बसून राहिला.

त्याला सीमारेषेबाहेर पडलेली हरिदासची बॅग दिसत होती. आणि मग डिसेंबरमधला तो भाग आठवला, जो गोष्ट सांगताना तो गाळायचा. जीप आली तेव्हा तिघांत मिळून अर्धी बाटली पाणी उरलं होतं. भैरवी दोनदा ओकली होती आणि गाडीच्या सावलीत डोळे मिटून पडली होती. पियूष रडकुंडीला येऊन सारखा मोबाईल उंच धरत होता. चाक काढण्याच्या नादात गाडी बुडापर्यंत आत बसली होती, आणि ते अभिजितच्याच हुशारीने झालं होतं. जीप दिसल्यावर तोच सगळ्यांत आधी हात हलवत तिच्याकडे धावला होता. घरी पोचल्यावर मधुराने दार उघडलं, त्याला नखशिखांत बघितलं, आणि तो सगळ्यांसमोर पहिलं वाक्य बोलला ते त्या वीस मिनिटांचं.

अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. त्याने हरिदासचं नाव पुसलं.

सेफ्टीचं केबिन साइटच्या टोकाला होतं, कंटेनर कापून केलेलं. दोन वर्षांत अभिजित तिथे पायरी चढून कधी गेला नव्हता. जे सांगायचं ते खालूनच ओरडून सांगायचा. आत कौशिक उंचावर काम करणाऱ्यांचे कमरेचे पट्टे एकेक ओढून बघत होता.

"शुक्रवारी काय करतोयस?"

"तुम्ही येऊ नको म्हणलात. कपडे धुणार."

"फॉर्ममध्ये तुझं नाव घालायचंय. घरी थांबणारा."

कौशिकने हातातला पट्टा ओढला, शिवण तपासली, बाजूला ठेवला आणि दुसरा घेतला. अभिजित दारातच उभा होता. असं उभं राहून उत्तराची वाट बघायची सवय त्याला नव्हती.

"परतीची वेळ?" कौशिकने विचारलं.

"दोन."

"साडेदहा करा. मग घाला."

"कौशिक, उगाच…"

"दोनला मी नाव देत नसतो. साडेदहा लिवा. दहा चाळीसला मी त्यांना फोन लावणार. वीस मिनिटंसुद्धा थांबायचा नाही."

वीस मिनिटं हे शब्द त्याने इतर शब्दांसारखेच उच्चारले, तरी अभिजितच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"ठीक आहे. साडेदहा."

कौशिकने शर्टच्या खिशातून छोटी वही काढली. "त्यांची जीप गेली, दुपार झाली, तरी तुमचा पत्ता नाही. मंग घरी कुणाला कळवायचं?"

भिंतीवर महिन्याचा तक्ता होता. अपघाताविना गेलेले दिवस त्यावर हिरव्या खुणांनी दाखवले होते. अभिजित त्या खुणा बघत राहिला.

"मधुराचा फोन सध्या जरा…"

"वहिनींचा नवा नंबर हाय माझ्याकडं."

बाहेर कुठला तरी ट्रक मागे येताना टीं टीं करत होता.

"तुझ्याकडे? कधी दिला?"

"जायच्या दिवशी. विमानतळावर मीच सोडलं की. तुमची मीटिंग होती."

मीटिंग होती. टॅक्सीने गेली असेल असं त्याने धरलं होतं. विचारलं नव्हतं.

"काय म्हणाली?"

"म्हणाल्या, हे असल्या जागी जातात आणि माघारी यायची वेळ पाळत नाहीत. काही बरंवाईट झालं, तर तेवढं मला कळवा." कौशिकने पट्ट्याचं बक्कल लावलं, ओढून बघितलं, सोडलं. "बाकी काही कळवू नका, म्हणाल्या."

अभिजित हेल्मेटांच्या खोक्यावर बसला. नंबर त्या वहीत होता, हातभर अंतरावर, त्याच उभट, किरट्या अक्षरात ज्याची तो मीटिंगांमध्ये नक्कल करायचा. मागितला असता तर कौशिकने दिला नसता. तिने त्याला नाही, या माणसाला दिला होता. ज्याच्या नाड्यांची त्याला कीव आली होती, त्याला. ही लाज त्याला इतकी नवी होती, की तिचं काय करायचं तेही कळेना.

"समजा," तो म्हणाला. आवाज तारखा ठरवतानाचा होता. "दहा चाळीसला ऑफिसला फोन. मग तिला किती वाजता करशील? अकराला? की बारा होतील?"

कौशिकने मान वर केली. दोन वर्षं अभिजित त्याच्याकडे जसं बघत आला होता, तसं पहिल्यांदाच त्याने उलट बघितलं. फार वेळही नाही.

"सर, मुद्दाम केलेला उशीर मला कळतो. सात वर्षं तेच बघतोय."

अभिजितने मोबाईल काढून नसरुद्दीनला लावला, कौशिकचं नाव सांगितलं, नंबर सांगितला.

"और वापसी का टाइम बदलना है. दो नहीं, साढ़े दस."

"साढ़े दस," पलीकडून लिहून घेतल्याचा आवाज आला. "पक्का?"

"पक्का."

तो उठून पायऱ्या उतरायला लागला, तेव्हा मागून कौशिकने हाक दिली.

"पाणी माणशी चार लिटर घ्या. गाडीत वेगळं. तिसऱ्या पानावर लिवलंय."

अभिजित पायरीवर थांबला. पानं अजून टीपॉयवरच होती, कपाखाली.

"वाचतो," तो म्हणाला.