अप्पांची दिव्यदृष्टी आणि पद्मनाभचा हार

गल्लीतल्या साकेतला काही रीतच नव्हती. माणूस जेवत असो, जांभई देत असो, नाहीतर न्हाव्यापुढे तोंडाला फेस लावून बसलेला असो, हा फोन धरायचा आणि सगळ्या जगाला दाखवून मोकळा व्हायचा. ‘आपली हुबळी’ नावाचं त्याचं पान होतं. कमरीपेठेतली केळीवाली शिंकली तरी ती तिथे दिसायची.

“अज्जी, लोकांना आवडतं,” तो म्हणायचा.

“कुठल्या लोकांना? शिंकणाऱ्या की बघणाऱ्या?” अंबूताई विचारायच्या. त्या चौथीपर्यंतच शिकल्या होत्या. कडक भाकऱ्या विकून त्यांनी मुलाला वकील केलं होतं, आणि आपली अक्कल कुणाकडून उसनी आणायची त्यांना सवय नव्हती.

अशातच केशवापुरातल्या एका मंगल कार्यालयात दिव्यदृष्टी अप्पा उतरले. डोळ्यांवर भगवी पट्टी, पुढे माइक, बाजूला चार शिष्य. ‘अप्पा बघत नाहीत, अप्पांना दिसतं,’ असा फलक दारात होता. आत पाय ठेवायला जागा नव्हती. सून मनीषाने हट्ट धरला म्हणून अंबूताई गेल्या. दारात साकेत उभा होताच. ‘आमच्या गल्लीतल्या अक्का दर्शनाला’ म्हणून त्याने सगळ्यांचा फोटो काढून पानावर टाकलासुद्धा.

थोड्या वेळाने अप्पा माइकवर घुमू लागले.

“कमरीपेठ... मनीषा... पिवळी साडी... लॅमिंग्टन रोड, बायकांच्या दवाखान्याचं दार... हातात तपकिरी फाइल, उजव्या नाकपुडीत चमकी... कूस रिकामी म्हणून रडतेस ना, तंगी, माझ्या धाकट्या बहिणी?”

लग्नाला सहा वर्षं झाली होती. घरातल्या तिघांनी झाकून ठेवलेली ती गोष्ट अप्पांनी लाउडस्पीकरवरून सांगितली. मागे ऐकू येतंय ना, हेही विचारलं. मनीषा रडत पुढे गेली. तिला विभूती मिळाली आणि हुकूम मिळाला: “सुया बंद. दर अमावास्येला इथे ये.”

घरी आल्यावर मनीषाने इंजेक्शनचा डबा फ्रिजमधून काढून बाजूला ठेवला. सोमवारची सुई चुकली तर आजवरचं सगळं वाया जाईल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

“अगं, गरम होतील ती.”

“होऊ देत. आई, आपल्या तिघांशिवाय कुणाला ठाऊक होतं? देवच बोलला.”

अंबूताईंनी डबा परत फ्रिजमध्ये ठेवला. “मग तुझ्या देवाला डावं-उजवं कळत नाही. तुझी चमकी डावीकडे आहे.”

ही चूक सभागृहात कुणाला खटकली नव्हती. तिथे बहुतेक कानडी घरच्या बायका, त्यांची चमकी उजवीकडेच. मनीषा तोंड धुऊन टिकली लावायला आरशापुढे बसली. अंबूताई मागे उभ्या होत्या. आरशातल्या मनीषाची चमकी उजव्या नाकपुडीत होती.

आरसा म्हटल्यावर त्यांना साकेत आठवला. तो फोनमध्ये बघूनच भांग पाडायचा.

त्यांनी त्याला हाक मारून त्याने स्वतःचे स्वतः काढलेले फोटो दाखवायला लावले. सापडला. साकेत शहाळं पीत दात काढतोय. मागे पिवळ्या साडीतली मनीषा, हातात फाइल, चमकी उजवीकडे, आणि दवाखान्याच्या पाटीवरची अक्षरं उलटी. खाली साकेतने लिहिलं होतं, ‘मागे कमरीपेठेची मनीषा वहिनी! दवाखान्यात? गोड बातमी का?’

“पूस हे.”

“अज्जी, तीनशे लाइक आहेत.”

“पूस म्हणते ना!”

त्याने पुसला. मनीषाला मात्र पटेना. “फोटो असेल, आई. पण अप्पांच्या डोळ्यांवर पट्टी असते.”

“शिष्यांच्या डोळ्यांवर नसते.” पण डोळ्यांवरची पट्टी अप्पांची असो की सुनेची, ती नुसत्या बोलण्याने सुटत नाही, एवढं अंबूताईंना कळत होतं. त्यांनी धारवाडला भावाला फोन लावला.

“पद्मा, तुझ्या फोटोला चंदनाचा हार घालू का? साकेत तो जगाला दाखवेल. चालेल का तुला?”

सगळं ऐकून पद्मनाभ म्हणाला, “घाल, अक्का. फक्त पुढे निरांजन लावू नकोस, बायको घाबरेल.”

मनीषा शहारली. “आई, जिवंत माणसाच्या फोटोला हार?”

“अगं, निवृत्त झाला तेव्हा शाळेने नुसता नारळ दिला. राहिलेला हार मी घालते.”

दुसऱ्या दिवशी अंबूताई त्या फोटोखाली मिरच्या कुटत बसल्या. डोळ्यांना पाणी आलं, तेव्हा साकेतला हाक मारली. “काढ माझा फोटो.” तो हरखला. “हे कोण, अज्जी?”

“माझा धाकटा भाऊ, पद्मनाभ.” यात एक अक्षर खोटं नव्हतं.

संध्याकाळी पान सजलं: ‘दिवंगत बंधू पद्मनाभ यांच्या आठवणीने अंबूताईंचे डोळे पाणावले.’ हार घातलेला फोटो आणि रडणारी बाई दिसल्यावर विचारायचं काय राहतं? साकेतने विचारलं नाही.

रविवारी अंबूताई मनीषाला घेऊन पहिल्या रांगेत बसल्या. अप्पा घुमले. “अंबूताई... तुमचा भाऊ... पद्मनाभ... आत्मा तहानेने तडफडतोय! पाणी, अक्का, पाणी म्हणतोय!”

पुरुषांच्या तिसऱ्या रांगेतून पद्मनाभ उठला. “पाणी मघाशीच प्यालो, अप्पा. चहा असेल तर बघा.”

“ओ, हे तर आमचे मास्तर!” मागून कुणीतरी ओरडलं. सभागृहात हशा पिकला. अप्पांनी पट्टी वर करून बघितलं. त्या दिवशी त्यांना डोळ्यांनी दिसलेली ही पहिली खरी गोष्ट. “आत्मे... एकाच नावाचे अनेक असतात,” ते म्हणाले.

अंबूताई उठल्या. “असतील की. पण हार घातलेला हा एकच. साकेतच्या फोनवर बघा सगळ्यांनी. मनीषाचं दुःखही तिथूनच उचललं, म्हणून चमकी आरशासारखी उलटी दिसली. अप्पांचे शिष्य फोन चाळतात आणि अप्पा डोळे बांधून पाठ म्हणतात. औषध डॉक्टरला विचारून घ्यायचं आणि डॉक्टरलाच विचारून सोडायचं. आणि अंतर्ज्ञानी भेटला, तर त्याला हे कुणी सांगितलं ते आधी शोधायचं.”

लोक फोन काढून बघू लागले, तोवर शिष्यांनी माइक गुंडाळला. मनीषा तोंडावर पदर घेऊन हुंदके देत होती. “आई, उद्याच्या सुईला तुम्ही येता ना बरोबर?” अंबूताईंनी तिचा हात धरला.

तेवढ्यात साकेतने दोघींच्या तोंडापुढे फोन धरला.

“अज्जी, काय व्हिडिओ झालाय! वहिनी रडताना तर एक नंबर! लाखभर लोक बघतील.”

“खाली कर तो. अप्पा चोर आहेच. पण आमच्या घराची कडी काढून त्याला आत कुणी घेतलं? तू घेतलंस, साकेत, आणि तेही हसत. बाई रस्त्यावर उभी राहिली म्हणून गावाची होत नाही. तिचं तोंड तिचं, तिचं रडणंही तिचंच. पद्मा माझा सख्खा भाऊ, तरी त्याचा फोटो दाखवायला मी त्याला विचारलं. तू परका, तुला विचारायला जीभ नव्हती? आता विचार. ती नाही म्हणणार आहे. ते ऐक, आणि माझ्यादेखत पूस.”