तपासणीला गेलेली बाटली

मित्रांनो, माझ्यावरचा कागद कधीच सोलून निघाला, म्हणून मी कोण हे मलाच सांगावे लागते. मी खोकल्याच्या औषधाची एक जुनी, तपकिरी बाटली. कारखान्यात जन्मले, बार्शीटाकळीच्या दुकानात धूळ खात बसले आणि एका हिवाळ्यात विपुलच्या घरी आले. त्याचा खोकला चार दिवसांत पळाला. घरच्यांनी माझे कौतुक केले, मीही फुगले.

पण त्या औषधात गुंगी होती आणि विपुलला तिची चटक लागली. खोकला नसताना त्याने माझ्या किती बहिणी रिचवल्या कोण जाणे! त्याच्या बायकोने, रागिणीने, मला मात्र धुऊन माझ्यात खोबरेल भरले. कोनाड्यात मी सुखात होते.

पुढे रागिणीनेच त्याला अकोल्याच्या व्यसनमुक्ती केंद्रात नेले. तिथे नशेची ओढ थांबवणारी गोळी मिळते. रोज सकाळी रागिणी ती त्याच्या जिभेखाली ठेवी आणि विरघळेपर्यंत समोर बसे. दर पंधरा दिवसांनी लघवीची तपासणी होई. ती नीट निघाली तर गोळ्या घरी मिळत. नाहीतर रोज अकोल्याला हेलपाटा. मग मळ्यातली वांगी तोडायची कोणी?

पाच महिने सुरळीत गेले. मग अमरावतीच्या एका लग्नात विपुलचा पाय घसरला. त्याच औषधाची एकच बाटली, एकदाच. त्याला दहा दिवस झाले, तरी भीती काही जाईना. तपासणीच्या सकाळी त्याने माझ्यातले तेल ओतून टाकले, मला राखेने घासले आणि धाकट्या भावाची, रोहितची, लघवी माझ्यात भरली. फार लाज वाटली मला! एसटीत मी त्याच्या शर्टाच्या आत होते. त्याचे काळीज असे धडधडत होते की मलाच घाम फुटला. शेजारी बसलेल्या रागिणीला काहीच ठाऊक नव्हते.

केंद्रात विपुलने मला तपासणीच्या डबीत गुपचूप रिकामे केले. सुंदराबाई सिस्टरांनी पट्टी बुडवली. नशा नाही! विपुलचा जीव भांड्यात पडला. पण सिस्टरांनी गोळीचा अंश दाखवणारी दुसरी पट्टी बुडवली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"नशा नाई, पण गोयीबी नाई. विपुलभाऊ, गोया न खाता बाजारात इकून राह्यले का?"

रोहित कशाला ती गोळी खाईल! हे विपुलच्या ध्यानातच आले नव्हते.

रागिणी ताडकन उठली. "मी सोता देतो गोयी. माह्या डोयासमोर इरघयते."

"मंग पट्टी खोटं बोलून राह्यली, का तुमी?"

रागिणीचा चेहरा उतरला. ते विपुलला बघवेना. त्याने मला शर्टातून बाहेर काढून टेबलावर ठेवले.

"रागिणी खरं बोलते. खोटा मीच." आणि त्याने सगळे सांगून टाकले.

मग त्याने स्वतःची लघवी दिली. नशा नव्हती, गोळी होती.

"खरं सांगतलं असतं तरी गोयी बंद केली नसती, भाऊ," सिस्टर म्हणाल्या. "पकडाले नाई, सांभाळाले तपासतो आमी." पण या खेपेला गोळ्या आठच दिवसांच्या मिळाल्या.

मला कचऱ्याच्या डब्यात टाकले. तिथून मी ऐकत होते.

"मले काहून नाई सांगतलं?" रागिणीने विचारले.

"तू रडशीन म्हनून."

"मंग आता काय हासून राह्यली मी?"

पण गोळ्यांची पुडी तिनेच आपल्या पिशवीत जपून ठेवली.

मित्रांनो, मी आता कोणाच्या कामाची नाही. एवढेच मागते, तुमच्या घरी कोणी असा घाबरून बसला असेल, तर त्याला सांगता येईल इतके जवळ बसा.