पालकाच्या ढिगातली ऊब

धाकट्या दिराने पालकाचा ढीग पार छातीपर्यंत रचला, वरून पाण्याचा शिडकावा मारला आणि कमरेवर हात ठेवून तो मागे सरला. "बघा वहिनी! येणारा-जाणारा नुसता बघत राहील."

वहिनींचे डोळे रस्त्याकडे लागले होते. रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातल्या बाई कुठल्याही क्षणी येणार होत्या. मागच्या खेपेला जुड्या आतून सडक्या निघाल्या, तेव्हा त्या सरळ म्हणाल्या होत्या, "पुन्हा असं झालं तर मी दुसरं दुकान बघेन." आणि दुकान चालत होतं ते त्यांच्याच जिवावर.

वहिनींनी ढिगात कोपरापर्यंत हात खुपसला आणि दचकून बाहेर ओढला.

"भाऊजी, आत गरम लागतंय. ताप भरलेल्या पोराच्या अंगासारखं!"

"काहीतरीच. एवढं पाणी मारलंय!"

"पाणी वरच राहिलं. अहो, खुडली तरी भाजी श्वास घेतच असते, आणि त्यातून ऊब सुटते. एवढ्या दाटीत ती जाणार कुठे? ओल आणि ऊब एकत्र आली की सडायला कितीसा वेळ? मोडा ढीग."

"आत्ता? त्या येतील तेव्हा सगळा पसारा दिसेल. पहाटेपासून कंबर मोडून रचलाय!"

"कमरेला मी तेल देते. मोडा आधी."

कुरकुरत का होईना, त्याने हात घातला. फळीवर, खुर्च्यांवर, गल्ल्यावरसुद्धा जुड्या पसरल्या. मधल्या जुड्या हाती आल्या. पिवळ्या, चिकट, वास मारणाऱ्या.

तेवढ्यात बाई दारात उभ्या.

"वहिनी, गोणपाट टाका या सडक्या जुड्यांवर," दीर कुजबुजला.

गोणपाट पायाशीच होतं. त्या वाकल्या नाहीत.

"बाई, या इकडच्या वाया गेल्या. आमचीच चूक, ढीग लावला. त्या पलीकडच्या चांगल्या आहेत, पण तुमच्याच हाताने बघा."

बाईंनी जुड्या सोडल्या, देठ मोडले, पानं हुंगली. दीर नखं कुरतडत होता.

"एवढ्या नेते," अखेर त्या म्हणाल्या. "बाकीचा आज दुसरीकडून घ्यावा लागेल. माझ्या आजाऱ्यांना थांबवता येत नाही."

"आणि उद्या?" वहिनींनी विचारलं.

"उद्या आधी इथेच येईन. पण ढीग दिसला तर पायरी चढणार नाही."

त्या गेल्या. दिराने सुस्कारा सोडला. "ढीग नाही लावायचा, तर हवा खेळेल असे जाळीचे क्रेट आणायचे कुठून आता?"

"ते बघू. तोवर कांद्याच्या फळ्या रिकाम्या करा," वहिनी म्हणाल्या, "आणि जुड्या उभ्या लावा, सुट्या सुट्या."