भाऊजींची तहान

मासेवाल्याने काचेची नळी उजेडात धरली आणि कपाळावर हात मारला. पाणी पुन्हा उत्तम! महिनाभरात ताईने आणलेली ही चौथी बाटली. झाकण घट्ट, बाहेरून पुसून लख्ख.

"ताई, या पाण्यात मासे मरूच शकत नाहीत."

"मग माझे मासे काय नाटक करतायत? काल पाचवा गेला. तीनच उरलेत, बाळ्या." बेचाळीस वर्षांच्या, शोभेच्या माशांचं स्वतःचं दुकान असलेल्या माणसाला गिऱ्हाइकांसमोर बाळ्या म्हणावं, हे ताईच करू जाणे. "मासा गेला की यांचं ताट परत. काल दिवसभर घास घेतला नाही. उरलेले तीन गेले तर हे काय करतील, सांग ना मला!"

तो आणखीच चिडला. भाऊजींना पक्षाघाताचा झटका येऊन तीन महिने झाले होते. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दिवसभर टाकीसमोरच्या खुर्चीत बसायचे आणि मासे बघायचे, तेवढंच काय ते राहिलं होतं. मासेवाल्याने दोन औषधं देऊन पाहिली, घरी जाऊन हीटर बदलून दिला, खाणं कमी करायला लावलं. पाणीच चांगलं म्हटल्यावर माणूस करणार तरी काय? शेवटी त्याने अर्धं शटर ओढलं, तपासणीचं सामान पिशवीत कोंबलं आणि धुसफुसत ताईच्या मागे निघाला.

टाकीच्या काचेवर बोटाचा ठसा नव्हता. आत तिन्ही मासे वर तोंड काढून धापा टाकत होते, कल्ले लालबुंद. त्याने टाकीतलं पाणी नळीत घेतलं, थेंब टाकले. पिवळं राहायला हवं होतं ते गर्द हिरवं झालं. अमोनिया. म्हणजे माशांच्याच घाणीचं विष, आणि तेही भरपूर.

"तू मला कुठलं पाणी आणून देत होतीस?"

"बादलीतलं. टाकीत घालायला भरून ठेवते ना, त्यातलं."

"अगं बाई! आजारी माशांचं पाणी मागितलं होतं मी!"

"त्याला वास येतो. तुझ्या दुकानात चार माणसं असतात. बहिणीच्या घरचं पाणी असलं, म्हणून तुलाच नावं ठेवली असती."

मासेवाल्याने डोळे मिटून दहापर्यंत आकडे मोजायचं ठरवलं. सहाच्या पुढे जमलं नाही.

"बरं. पण हे विष साठतंय कशाने? फिल्टर तर चालू आहे. साफ करतेस का?"

"करतेस का म्हणजे? रोज!" ताईला तो अपमानच वाटला. तिने तिथल्या तिथे फिल्टरमधला स्पंज ओढून काढला आणि सिंककडे निघाली. "साबण, गरम पाणी. हे बघ, नवा कोरा वाटतो की नाही?"

खुर्चीत धडपड झाली. भाऊजींनी डावा हात उचलला होता आणि घशातून आवाज काढत होते. हात सिंककडे.

"हो हो, देते." ताईने स्पंज ठेवला, पेला भरला आणि त्यांच्या ओठांना लावला. "मी हे धुवायला घेतलं की यांना नेमकी तहान लागते. रोजचंच आहे."

भाऊजी पाणी प्यायले. थोडं हनुवटीवरून ओघळलं. डोळे मात्र मासेवाल्यावर रोखलेले, आणि त्या डोळ्यांत असला संताप, की त्याने हातातली नळी खाली ठेवली.

नवा कोरा स्पंज! घाण पचवणारे जंतू त्या मळक्या स्पंजातच तर राहतात. साबणाने धुतला की संपलं. हे त्याला पंधराव्या वर्षी शिकवलं होतं कोणी? याच टाकीसमोर, याच माणसाने, पाठीत धपाटा घालून. आणि हीटर बदलायला आला तेव्हा तो भाऊजींच्या डोक्यावरून ताईशी बोलला होता आणि निघून गेला होता. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"भाऊजी, स्पंज धुवू नका म्हणताय ना तुम्ही?"

हात धपकन मांडीवर पडला. एकदाचं कळलं, अशी भाऊजींनी मान मागे टाकली आणि डोळे मिटून घेतले.

ताई पेला धरून उभीच राहिली. "तीन महिने," ती म्हणाली, "तीन महिने मी यांना पाणी पाजतेय रे. आणि हे बिचारे पितायत."

मासेवाल्याने पिशवी उचलली. "ताई, निम्मं पाणी काढ आणि तुझ्या त्या बादलीतलं घाल. भाऊजी, माझ्या जुन्या टाकीतला मळका स्पंज आणून लावू? चालेल?"

हात वर आला तो सरळ दाराकडे. मग अजून इथे काय करतोयस, असा.

मासेवाला पळाला. जिना उतरताना ताईचा आवाज ऐकू आला, कधी नव्हे तो अगदी हळू.

"अहो, आणि तुम्ही खिडकीकडे हात करता, तेव्हा मी पडदा ओढून घेते. ते कशासाठी असतं हो?"