पायाला बांधलेले नाव

मी संग्रहालयातला एक जुना पक्षी आहे, मित्रांनो. मूठभर पिसे, पोटात कापूस, डोळ्यांच्या जागीही कापूसच. डांबरगोळ्यांच्या वासात, एका लाकडी कप्प्यात मी वर्षानुवर्षे उताणा पडून आहे.

पूर्वी मी एका डोंगरगावाच्या कुंपणावर बसायचो. तिथली एक चिमुरडी मला रोज हाक मारायची, "टिर-टिहू!" मीही लगेच ओ द्यायचो. एके सकाळी ती "टिर..." म्हणाली आणि गोळी सुटली. एका परदेशी कॅप्टनने मला उचलून खिशात टाकले, मग गाव पेटवले. जगाला मी ठाऊकच नव्हतो म्हणे! म्हणून त्याने स्वतःचेच नाव मला शास्त्रीय नाव म्हणून दिले आणि चिठ्ठीवर लिहून पायाला बांधले.

कौतुक मात्र खूप झाले. ज्याच्यावरून साऱ्या जातीचे नाव ठरले तो पक्षी हाच, असे म्हणत मोठमोठे विद्वान माझ्यावर वाकत. पण कुणी ते नाव मोठ्याने वाचले, की कप्प्यातून जळक्या गवताचा वास यायचा. "काही जळतंय का हो?" असे विचारत ते विजेच्या तारा तपासायचे. हळूहळू माझ्याकडे कुणी फिरकेनासे झाले. मला एकच आस होती. ती अर्धी राहिलेली हाक पुरी व्हावी.

परवा एक संशोधक बाई त्याच डोंगरगावच्या एका आजींना घेऊन आल्या. माझे नाव बदलावे, असे त्यांचे म्हणणे होते.

"नाव बदलणं म्हणजे खायचं काम नाही, बाई," संग्रहालयाचे विभागप्रमुख कुरकुरले. "जगभरच्या पुस्तकांत हेच आहे." आणि त्यांनी चिठ्ठी खणखणीत आवाजात वाचली. वास इतका दाटला, की त्यांनाच ठसका लागला.

"गाव जाळणाऱ्याचं नाव या पाखराला कशाला?" आजी म्हणाल्या. "माझी पणजी म्हातारपणीसुद्धा कुंपणाशी उभी राहून याला हाक मारायची. उत्तर येत नाही म्हणून रडायची."

मग त्या कप्प्यावर वाकल्या. "टिर-टिहू."

वास विरला. माझ्या कापूस भरलेल्या गळ्यातून ओ गेली. विभागप्रमुखांनी दचकून खिडकीकडे पाहिले. खिडकी बंद होती.

"नावं ठरवणाऱ्या समितीला आजच लिहितो," ते कसेबसे म्हणाले.

समितीचा निर्णय अजून व्हायचा आहे. चिठ्ठी माझ्या पायाला तशीच आहे. मित्रांनो, कुणालाही नाव देण्याआधी तिथली माणसे त्याला काय म्हणतात, ते विचारा. कधी इकडे आलात, तर चिठ्ठी वाचू नका. त्या पोरीसारखी हाक मारा, पण पुरी मारा. आणि कप्प्यातून उत्तर आले, तर पळून जाऊ नका.