माझ्यात मावलेला पाय

मी एक जुनी निळी बॅग आहे. जाड कॅनव्हासची, दोन बंद, एक लांब पट्टा आणि बाजूला जाळीचा कप्पा असलेली. माझी चेन मध्येच एका जागी अडते. तिथे ती जरा डावीकडे ओढून मग पुढे न्यावी लागते. हे ज्याला ठाऊक आहे, तो माझा माणूस, असे मी समजते.

मित्रांनो, मला पहिल्यापासून एक खोड आहे. माझ्या पोटात जे काही ठेवले जाते, ते कशासाठी ठेवले असेल याचा विचार करीत मी बसते. तुम्ही म्हणाल, बॅगेला कशाला हव्यात नसत्या चौकशा? पण मला दुसरे काम तरी काय असते? चेन बंद झाली की आत अंधार, आणि अंधारात प्रश्न फार सुचतात.

माझा जन्म ट्रकच्या ताडपत्र्या शिवणाऱ्या कारखान्यात झाला. उरलेल्या कापडातून तिथला कारागीर बॅगा शिवत असे. बॅग नेहमी उलटी शिवतात, हे तुम्हाला माहीत आहे का? सगळ्या शिवणी झाल्यावर त्याने माझ्या तोंडातून आत हात घातला, माझे कोपरे धरले आणि मला बाहेर ओढले. आतले बाहेर झाले आणि बाहेरचे आत. जग मला असे एका झटक्यात दिसले. त्या दिवसापासून माझी उत्सुकता काही कमी झालेली नाही.

मला मावशीने घेतले. खरे तर ती एका मुलीची मावशी, पण त्या घरात मी सगळ्यांना त्या मुलीच्या नात्यानेच ओळखते. मावशी पोहण्याच्या तलावावर मुलांना पोहायला शिकवायची. मुले तिला ‘शिट्टीबाई’ म्हणत, कारण गळ्यातली शिट्टी तिने कधी काढलेली कोणी पाहिली नव्हती. माझ्यात टॉवेल, रबरी टोपी, कोरडे कपडे आणि रडणाऱ्या मुलांसाठी केळी असत. केळी कधी कधी माझ्यातच चेंगरत. मावशी म्हणे, “चेंगरलेलं केळं जास्त गोड लागतं,” आणि मुलांना ते खरे वाटे.

तलावाच्या काठावर बसून मी कितीतरी मुलांना पाण्यात उतरताना पाहिले. फक्त मावशीची भाची कधी शिकली नाही. पहिल्याच दिवशी तिच्या नाकात पाणी गेले आणि तिने काठ जो पकडला, तो सोडलाच नाही. मावशीनेही मग जबरदस्ती केली नाही.

समुद्राबद्दल मी पहिल्यांदा तिथेच ऐकले. एका मुलाने विचारले, “बाई, समुद्राला काठ असतो का, पकडायला?”

“असतो,” मावशी म्हणाली, “पण तो एका जागी राहत नाही.”

एका जागी न राहणारा काठ! मी रात्रंदिवस तोच विचार करू लागले. तो जातो तरी कुठे? आणि परत का येतो?

ती वर्षे माझ्या भराची होती. मग एका संध्याकाळी रस्ता ओलांडताना मावशीला टेम्पोची धडक बसली. ती इस्पितळात गेली आणि मला कोणीतरी कपाटावर टाकले. मावशी घरी आली, तेव्हा तिचा डावा पाय गुडघ्याखाली नव्हता.

कपाटावरून मला फक्त छत दिसे. त्यामुळे पुढचे सगळे मी कानांनी पाहिले. आधी कुबड्यांचा आवाज आला. मग बऱ्याच काळाने एक वेगळा आवाज सुरू झाला. टक्, थप. टक्, थप. हा कोण नवा माणूस घरात आला असेल, याचा मी खूप विचार केला. ती मावशीच होती, नव्या कृत्रिम पायावर चालणारी. मात्र तलावाचे नाव कोणी काढले की तो आवाज दुसऱ्या खोलीत निघून जाई. माझ्यावर धुळीचा थर चढला. एक पाल माझ्या जाळीत अंडी घालून गेली. मी तक्रार करीत नाही. निदान कोणाला तरी माझा उपयोग झाला.

एके दिवशी कोणीतरी माझा बंद धरून मला खाली ओढले. ती भाची होती. आता ती मोठी झाली होती आणि चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचे काम करीत होती. तिने मला खिडकीबाहेर धरून झटकले आणि मावशीच्या पलंगावर आणून ठेवले.

“महिनाभर समुद्रावर,” ती म्हणाली. “खोली ठरवली, विमानाची तिकिटं काढली. फक्त एकच अट आहे. सामान विमानाच्या पोटात द्यायचं नाही. दोघींनी हातातली एकेक बॅग न्यायची, बस.”

“महिनाभर? या एवढ्याशा बॅगेत?” मावशी म्हणाली. “बाकीचं काय फडक्यात बांधून नेऊ?”

मग पलंगावर ढीग लागला. छत्री, दोन शाली, गरम पाण्याची रबरी पिशवी, बिस्किटांचा डबा, औषधांची पेटी, आणि सगळ्यात वर इस्त्री.

“इस्त्री?” भाचीने डोळे विस्फारले.

“मग चुरगळलेले कपडे घालून फिरू? समुद्राला काय वाटेल?”

“समुद्र स्वतःच चुरगळलेला असतो, मावशी.”

मला आत हसू येत होते. एकेक वस्तू ढिगातून उचलली जात होती आणि भाची प्रत्येकीला विचारत होती, “ही नसली तर काय होईल?” बहुतेक वस्तू मावशी स्वतःच बाजूला सारत होती. कपडे तीन जोड उरले. एक अंगावर, एक बॅगेत, एक दोरीवर वाळत. अंगाला, केसांना आणि कपड्यांना मिळून एकच साबणाची वडी. शाली गेल्या, डबा गेला, इस्त्री तर तोंड पाडून कपाटात परतली. मी म्हटले, वा! आता माझ्यात हवा खेळेल.

तेवढ्यात भाचीने पलंगाखालून एक लांब खोके ओढले. त्यात पाय होता. मावशीच्या रोजच्या पायाला पाणी चालत नसे, म्हणून पाय बनवणाऱ्या तंत्रज्ञाने हा दुसरा बनवून दिला होता. हलका, पोकळ, पाण्यात खराब न होणारा. तो खोक्यातून कधी बाहेरच आला नव्हता.

भाचीने तो माझ्यात तिरका ठेवला. माझी निम्मी जागा गेली.

मावशीने तो बाहेर काढला. “मी पाण्यात जाणार नाहीये. उगाच ओझं.”

“नको जाऊस,” भाची म्हणाली आणि तो परत आत ठेवला. “पण नेऊ या.”

मावशीने पुन्हा काढला. “शाल नको, छत्री नको, आणि हा हवा? मी तिथे व्हरांड्यात बसेन. मला फक्त बघायचंय.”

“बघ की. मी कुठे नाही म्हणतेय?”

पाय पुन्हा आत आला. मला वाटले, आता मावशी उठून जाणार. तो दुसऱ्या खोलीत जाणारा आवाज मला पाठ होता. पण ती उठली नाही. तिने मोज्यांची जोडी उचलली, गुंडाळली आणि पायाच्या पोकळीत कोंबली. त्यामागून साबण, मग मोबाईलचा चार्जर, मग आतले कपडे.

“जागा वाया कशाला घालवायची?” ती पुटपुटली.

भाचीने तोंड दुसरीकडे वळवले. ती का वळली, ते मला तेव्हा कळले नाही.

विमानतळावर मला एका पट्ट्यावर आडवे केले आणि बोगद्यातून पाठवले. पट्टा थांबला. मागे आला. पुन्हा पुढे गेला. पडद्यावर बघणारा तपासनीस खुर्चीतून अर्धा उठला.

“बाई,” त्याने हळूच विचारले, “या बॅगेत पाय आहे?”

“हो. माझाच आहे.”

त्याने खाली पाहिले. मावशी दोन पायांवर उभी होती. बिचारा गोंधळला.

“आणि मग हे?”

“हेही माझेच. त्यातला एक जमिनीवरचा. बॅगेतला पाण्यातला.”

रांगेत मागे कोणीतरी हसले आणि लगेच गप्प झाले. तपासनीसाने माझी चेन उघडली आणि पायातून मोजे, साबण, चार्जर एकेक करून बाहेर काढले. त्याचा चेहरा आता माझ्यासारखाच झाला होता, प्रश्नांनी भरलेला. शेवटी त्याने सगळे परत भरले आणि विचारले, “पाण्यात चांगला चालतो का हो?”

“अजून बघितलं नाही,” ती म्हणाली. आणि ते वाक्य तिच्या मनात राहिले असावे, कारण विमानात तिने मला वरच्या कप्प्यात ठेवू दिले नाही. समोरच्या खुर्चीखाली, आपल्या पायांजवळ ठेवले.

समुद्राजवळची खोली लहान होती. माझ्यातले सामान काढायला कितीसा वेळ लागणार? मावशी मोकळ्या कपाटासमोर उभी राहून म्हणाली, “काहीतरी राहिलं असं सारखं वाटतंय, पण काय ते आठवत नाही.” पाण्यातला पाय कोपऱ्यात उभा राहिला. सकाळी मावशी एक कपडा धुई आणि व्हरांड्यात बसे. संध्याकाळी ती वाळू सुरू होते तिथपर्यंत जाई आणि परत येई. भाची एका शब्दाने काही म्हणत नसे. मला मात्र धीर धरवत नव्हता. तो काठ हाकेच्या अंतरावर होता आणि मी खाटेखाली पडून फक्त त्याचा आवाज ऐकत होते.

मग एका सकाळी मावशी आपण होऊन म्हणाली, “इथे तळाला उतार कसा आहे, कळत नाही. मुलं किती पुढे जातात बघ. कोणीतरी बघायला हवं.”

तिने पाण्यातला पाय चढवला. माझ्यात टॉवेल टाकला. वाळूवरून जाताना तो पाय अडखळत होता, पण चालत होता. ओल्या वाळूपाशी मावशी बसली. पायात रेती शिरून टोचत होती, म्हणून तिने तो काढला, माझ्या पट्ट्याने मला घट्ट बांधला आणि भाचीच्या खांद्याचा आधार घेऊन लंगडी घालत उथळ पाण्यात गेली. तिथे ती बसली. भाचीचा हात तिने असा धरला होता, की दुरूनही मला तिच्या बोटांची पेरे पांढरी दिसत होती. लाट आली की ती डोळे मिटे.

त्या दोघी तशा बसल्या असताना पाणी वर चढत होते. पहिली लाट माझ्या तळाला लागून गेली. खारट! तलावाच्या पाण्याला औषधाचा वास असे, याला किती तरी गोष्टींचा होता. दुसरी लाट आली आणि मी उचलली गेले. पाय पोकळ, माझ्यात हवा. आम्ही दोघे तरंगत निघालो. मित्रांनो, खरे सांगते, आधी मला भीती वाटलीच नाही. मी एवढेच बघत होते, की काठ कसा मागे सरकतो. मग टॉवेल जड झाला, मी एका बाजूला कलले आणि भीती आली.

“मावशी! पाय!” भाची ओरडली.

“कुठला?”

“तो! तो चाललाय!”

भाची आमच्याकडे धावली. पाणी कमरेपर्यंत आले आणि ती जागच्या जागी थिजली. तिला पोहता येत नव्हते. तरी तिने आणखी एक पाऊल टाकले.

“थांब! हलायचं नाही तिथून!” तो आवाज मी कितीतरी वर्षांनी ऐकला. त्या आवाजाला तलावावरची सगळी पोरे जागच्या जागी थांबत. भाचीही थांबली.

आणि मावशी पोहू लागली. सुरुवातीला तिची दिशा चुकत होती. एका पायाचा जोर एकाच बाजूला पडत होता आणि ती वाकडी जात होती. ती थांबली, मान वर काढून आम्हाला पाहिले, हातांची फेक बदलली आणि पुन्हा निघाली. या वेळी सरळ. तिने माझा पट्टा पकडला, तेव्हा तिचा श्वास जोरजोरात चालला होता.

मला वाटले, आता ती लगेच परत फिरेल. पण एका हाताने आम्हाला धरून ती उताणी झाली. लाटांबरोबर ती वर जात होती, खाली येत होती. तिचे डोळे उघडे होते.

“परत ये!” कमरेएवढ्या पाण्यातून भाची रडवेल्या आवाजात ओरडत होती. “मावशी, परत ये ना!”

“येते गं!” मावशी ओरडली. “जरा बघू दे!”

खोलीवर आल्यावर मावशीने स्वतःचे केससुद्धा धुतले नाहीत, आधी मला गोड्या पाण्यात बुडवले. मीठ राहिले तर कापड कडक होते आणि चेन गंजते, हे तिला माहीत होते. माझे सगळे कोपरे तिने बोटांनी चोळले, मला उलटी करून सावलीत टांगले आणि चेनीच्या दातांवर मेणबत्ती घासली. नंतरच्या सकाळी ती भाचीला म्हणाली, “आता तुझी पाळी. आधी फक्त तोंड बुडवायचं.” भाचीने खूप सबबी सांगितल्या. पण महिना मोठा होता, आणि सामान नसल्यामुळे दोघींना आवराआवरीचे कामच नव्हते.

मित्रांनो, माझ्या अंगावर मिठाचा एक पांढरा डाग अजून आहे. तो जात नाही आणि जावा असे मला वाटतही नाही. तुमच्याही घरात कपाटावर माझ्यासारखी कोणी पडलेली असेल. तिची चेन थोडी उघडी ठेवा, म्हणजे आत वारा फिरेल. अधूनमधून तिला खाली काढा, झटका, ऊन दाखवा. आणि भरायला बसलात की तिला फुगेपर्यंत कोंबू नका. तिथे जाऊन जे करायची मनात भीती आहे आणि इच्छाही आहे, त्याची वस्तू आधी ठेवा. बाकीचे उरलेल्या जागेत बसते. मी बसवून दाखवले आहे.

आज मी पुन्हा पलंगावर उघडी पडले आहे. भाची आणि मावशी शेजारच्या खोलीत काहीतरी वाद घालत आहेत. कुठे जायचे ते अजून माझ्या कानावर आलेले नाही. आत्तापर्यंत एकच वस्तू आत आली आहे. कान झाकणारी लोकरीची टोपी. एवढी जाड टोपी घालून माणसे कुठे बरे जात असतील?